दुरुस्ती, नवी वस्तू की भंगार? हिशेब घराचा आणि रोजीचाही

केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज दुरुस्त होते, सुटे भाग मिळतात का, याचे गुण कंपनीने गिऱ्हाइकाला आधीच दाखवावेत, अशी ही कल्पना. पण शिफारस आहे ती आधी मोबाईल आणि टॅब्लेटसाठी. आपल्या घरातला मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन रांगेत मागेच. फ्रिजवरचे स्टार वीज किती लागेल ते सांगतात. बिघडल्यावर काय, ते नाही.

म्हणून हिशेब आपणच करायचा. मिक्सरचा कार्बन ब्रश, पंख्याचा कॅपॅसिटर, वॉशिंग मशीनचा बेल्ट गेला म्हणून नवी वस्तू आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फ्रिजचं काम पुष्कळदा थर्मोस्टॅट किंवा रिले बदलून भागतं. मात्र पंधरा वर्षांच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर नवा बरा. जुना फ्रिज वीजही जास्त खातो.

मग जुन्याचं काय? 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद फक्त 22.3 टक्क्यांची आहे. दिल्लीच्या सीलमपूरपासून मुंबईच्या कुर्ला-साकीनाक्यापर्यंत या धंद्यावर आपल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण तांब्यासाठी वायर जाळली की विषारी धूर आधी त्याच माणसांच्या छातीत जातो.

एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नोंदणी कारखानदार, उत्पादक कंपन्या, वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारे आणि पुनर्प्रक्रिया करणारे यांचीच होते. गल्लीतल्या भंगारवाल्याचं नाव त्यात नाही. तरी याच नियमांनी या कामातल्या मजुरांची नोंद, त्यांचं प्रशिक्षण आणि आरोग्याची देखरेख ही जबाबदारी राज्य सरकारवर टाकली आहे. मतं मागायला येणाऱ्यांना आपण हे कधी विचारलं का?

आम्ही शिक्षक रोज बघतो, शाळा सुटली की काही मुलं रिपेअरिंगच्या दुकानात बसतात. हुनर शिकतात, चांगलंच आहे. तेवढ्यावर न थांबता दहावीनंतर त्यांना आयटीआयला पाठवा, हातात सर्टिफिकेट येऊ द्या. आणि वायर जाळण्याच्या कामाला मात्र कुणाच्याच मुलाला लावू नका.