फवाऱ्याचा रंग आणि बंद खिडक्या

आषाढ लागला की इगतपुरीतील खिडक्या बंद होतात. थळ घाटाच्या माथ्यावरील या गावी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गणेशमूर्ती रंगविण्याचा हंगामही नेमका हाच. पेणच्या कारखान्यांत मूर्तीच्या अंगाचा रंग फवाऱ्याने चढतो, डोळ्यांची आखणी मात्र अजून कुंचल्यानेच होते. आता तोच फवारा लहान कॉम्प्रेसर व एअरब्रशच्या रूपाने घरोघरीच्या हौशी मुलांच्या हाती आला आहे.

एअरब्रशची कळ दाबली की हवा येते, मागे ओढली की रंग. आरंभी हवा आधी सोडावी, शेवटी रंग आधी थांबवावा. एवढे साधले तरी निम्मे ठिपके टळतात. पातळ अॅक्रिलिकला साधारण १५ ते ३० पीएसआय दाब पुरतो. काम संपताच सुई काढून पुसावी. अख्खे उपकरण थिनरमध्ये बुडवून ठेवणे म्हणजे आतील रबरी वायसर गमावणे होय.

इगतपुरीत खरा शत्रू ओलावा. हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीतून थेंबाथेंबाने रंगावर उडते. म्हणून नळीत पाणी अडविणारा सापळा बसवावा व टाकीच्या तळाचा नळ उघडून साचलेले पाणी रोज सोडावे, अन्यथा टाकी आतून गंजते. दमट हवेत लॅकरही पांढुरके पडते. त्यासाठी कोरडा दिवस पाहावा.

पावसामुळे खिडकी लावून घेतली की हाच बारीक फवारा श्वासावाटे आत जातो. नाकाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी. एन-९५ मुखवटा रंगाचे कण अडवितो, थिनरची वाफ अडवीत नाही. तिला कोळशाच्या डबीचा मुखवटा लागतो. वाफ पेट घेते, म्हणून जवळ दिवा वा शेगडी नसावी. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचा खर्च चैनीच्या खात्यावर मांडू नये. हार्डनर मिसळावा लागणारा गाडीचा रंग तर घरात फवारूच नये. त्यातील आयसोसायनेटने कायमचा दमा जडू शकतो.

येथे दुकानदाराचा संबंध येतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा २०१६ चा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिले, आणि फळीवर दोन्ही डबे बहुधा शेजारीच असतात. ग्राहकाने मुलाच्या एअरब्रशसाठी पिवळा रंग मागितला, तर यंत्राच्या रंगाचा डबा स्वस्त पडतो म्हणून पुढे करू नये. पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक द्यावे आणि बिलावर नुसते ‘पिवळा रंग’ न लिहिता त्याचे पूर्ण नाव लिहावे.