परक्याचें गाणें

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं इयत्ता नववीच्या वर्गास मीं एक ध्वनिमुद्रण ऐकविलें. बाली बेटांतील कांस्यवाद्यांचा तो मेळ होता. अर्धें मिनिटहि झालें नसेल, तोंच वर्गांत हंसें पिकलें. "सर, स्वयंपाकघरांत भांडीं पडलीं!" असें एकजण म्हणाला, आणि जो विद्यार्थी घरीं पेटी वाजवितो त्यानें तर निकालच दिला कीं, "सारेंच बेसूर आहे." मी त्यांस रागें भरलों नाहीं, कारण विद्यार्थिदशेंत असलें संगीत प्रथम ऐकून मीहि असाच हंसलों होतों. परंतु तें हंसणें योग्य होतें काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं करावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

हें वादन १९२८ सालीं प्रत्यक्ष त्या बेटावर मुद्रित झालें. त्या वेळच्या बाली येथील मुद्रणांस पुढें एका संग्रहांत स्थान मिळालें. १९३१ सालीं जर्मनींत 'पूर्वेकडील संगीत' अशा अर्थाच्या नांवानें बारा तबकड्यांचा एक संच प्रसिद्ध झाला. त्याच्या चोवीस बाजूंवर जपान, चीन, जावा, बाली, सयाम, हिंदुस्थान, इराण, इजिप्त व ट्युनिस येथील गायन-वादन होतें. त्याची निवड करणारे एरिख फॉन हॉर्नबोस्टेल हे बर्लिन येथील ध्वनिसंग्रहालयाचे प्रमुख होते. व्यापारी कंपन्यांनीं त्या त्या देशांतील गिऱ्हाइकांसाठीं काढलेल्या तबकड्यांतून त्यांनीं ही निवड केली. म्हणजे परक्यांस रिझविण्यासाठीं सजविलेलें तें संगीत नव्हे. ज्याचें त्यानें आपल्या घरीं ऐकावयाचें तें होतें.

आतां 'बेसूर' या शब्दाकडे वळूं. बालीचे कारागीर एकाच स्वराच्या पट्ट्या जोडीनें घडवितात व त्यांतील एक दुसरीहून किंचित् चढी ठेवितात. दोन्ही एकदम वाजल्या म्हणजे नादास कंप सुटतो. त्या कंपास तेथील लोक 'लाट' या अर्थाचा शब्द योजितात, आणि वाद्यांचा जीव त्या लाटेंत आहे असें मानितात. आमच्या पेटीवाल्या विद्यार्थ्याचा कान खोटा नव्हता. फरक त्यानें बरोबर ओळखिला. त्या फरकास दोष म्हणण्याची घाई मात्र केली. आपला तंबोराच पाहा. घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावितों, आणि त्यामुळें जो भरलेला, गुंजता नाद निघतो त्यावांचून गवयाचें चित्त लागत नाहीं. ज्यानें तंबोरा कधीं ऐकिला नाहीं त्यानें "तार कोठें तरी घासते आहे, दुरुस्त करा," असें म्हटलें, तर आपणांस काय वाटेल? अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानानें निरनिराळ्या राष्ट्रांचीं स्वरसप्तकें मोजून १८८५ सालींच दाखवून दिलें कीं, सृष्टीनें सर्व मानवजातीस एकच सप्तक नेमून दिलेलें नाहीं. हें सारें सांगून मीं वर्गास तेंच वादन पुन्हां ऐकविलें. कांहीं मुलें तरीहि हंसलीं. पेटीवाला मात्र शेवटीं म्हणाला, "सर, लाट ऐकूं आली."

असल्या संग्रहांविरुद्ध एक आक्षेप घेण्यांत येतो, व तो खराहि आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन-चार मिनिटेंच मावत. जो राग आळवावयास तासहि अपुरा पडतो, तो तेवढ्यांत काय कळणार? माझें म्हणणें असें कीं, अशा संग्रहास परिचयपत्र समजावें. परिचयपत्रानें मैत्री होत नाहीं, पण दार उघडतें. चोवीस बाजू ऐकून "मला पूर्वेचें संगीत कळलें" असें म्हणणारा व अर्ध्या मिनिटांत हंसणारा, दोघेहि सारखेच उतावळे होत.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. हॉर्नबोस्टेल यांची आई ज्यू होती, एवढ्याच कारणास्तव १९३३ सालीं नाझी राजवटीनें त्यांस पदावरून दूर केलें. १९३५ सालीं ते केंब्रिज येथें वारले. परक्याचें ऐकावयास ज्यानें आपल्या देशबांधवांस शिकविलें, त्यासच त्यांनीं परका ठरविलें. गाण्यास हंसणारा प्रत्येकजण निष्ठुर होतो, असें मला म्हणावयाचें नाहीं. परंतु 'जें माझ्यासारखें नाहीं तें सदोष' ही संवय कानास लागली, कीं ती कानापुरती राहत नाहीं.

बालीच्या त्या तबकड्या खुद्द बालींत फारशा खपल्या नाहींत व कालांतरानें तेथें दुर्मिळ झाल्या. परदेशीं गेलेल्या प्रती मात्र ठिकठिकाणीं जपल्या गेल्या. चालू शतकांत संशोधकांनीं त्या शोधून काढिल्या व त्यांतील संगीत बालीच्या लोकांस परत दिलें. पणजोबांचें वादन पणतवंडांस ऐकावयास मिळालें. पालकहो, यावरून दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. मुलांस परक्याचें गाणें ऐकूं द्या, आणि पहिल्यानें न रुचल्यास दुसऱ्यांदा ऐकण्यास सांगा. तसेंच घरांतील आजीस जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर मुलांकडून त्या आजच मुद्रित करवून ठेवा. आपलें गाणें परक्यानें जपावें आणि आपण तें उद्यां त्याच्याकडून मागून घ्यावें, अशी वेळ आपल्या मुलांवर येऊं नये.