आईला ताडोब्याला न्यावे का?

दिवाळीची धामधूम ओसरली की दवाखान्यात एक प्रसंग दरवर्षी हमखास घडतो. आजी किंवा आजोबा बाहेर बाकावर बसलेले असतात. मुलगा किंवा सून आधी एकटीच आत येते, दार लोटून घेते आणि हलक्या आवाजात म्हणते, "डॉक्टरसाहेब, आम्ही सगळे ताडोब्याला चाललो आहोत. आईसुद्धा येते म्हणतात. तुम्हीच त्यांना नाही म्हणून सांगा ना. तुमचं ऐकतात त्या."

पूर्वी मी हे काम निमूटपणे करीत असे. काही वर्षांपूर्वी अशाच एका आजींना मी एका मिनिटात 'नाही' म्हटले. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, रक्तदाब, झिजलेले गुडघे. नकार देण्यास एवढे पुरेसे वाटले. त्यांचे माहेर ताडोब्याच्या बाजूचे होते, हे मला नंतर कळले. ताडोबा तलावाच्या काठी तारू या आदिवासी देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला, अशी कथा आहे आणि त्याच्याच नावावरून जंगलाला ताडोबा हे नाव पडले. पौष महिन्यात तेथे जत्रा भरत असे. आजी लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीने त्या जत्रेला गेल्या होत्या. ते ठाणे त्यांना पुन्हा एकदा पाहायचे होते, वाघ नव्हे. पुढच्या तपासणीला आल्यावर एवढेच म्हणाल्या, "वाघ दिसला म्हणे त्यांना." दोन वर्षांनी पक्षाघाताने त्या गेल्या. त्यांचा कागद मी पुन्हा काढून पाहिला. नीट तयारी केली असती तर त्यांना जाता येणार नव्हते, असे एकही कारण मला त्यात सापडले नाही.

तेव्हापासून मी 'न्यावे का' हा प्रश्न बाजूला ठेवतो आणि 'कसे नेणार' हे विचारतो.

आपण नागपूरकर या बाबतीत भाग्यवान आहोत. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. उत्तरेला पेंच, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, पश्चिमेला बोर आणि त्याही पलीकडे मेळघाट. सकाळी घर सोडले की दुपारच्या जेवणापर्यंत यांतल्या बहुतेक ठिकाणी पोहोचता येते. प्रवास कठीण नाही. कठीण आहेत ते उघड्या जिप्सीत बसून काढायचे चार तास.

त्या चार तासांत वाटेल तेथे उतरता येत नाही. खाली पाय ठेवण्याची परवानगी ठरावीक जागीच असते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांना तासाभराने लघवीला जावे लागते, त्या ज्येष्ठांना हा नियम आदल्या रात्रीपासून छळू लागतो. प्रोस्टेटचे आजोबा ही गोष्ट कोणापाशी बोलत नाहीत, आजी तर मुळीच नाहीत. ते आपल्यापुरता उपाय शोधतात आणि आदल्या संध्याकाळपासून पाणीच पिणे सोडतात. रक्तदाबाची गोळी चालू, त्यात लघवीची गोळी असेल तर तीही घेतलेली, पोटात पाणी नाही आणि डोक्यावर चढते ऊन. मग जिप्सीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, प्रवासाची दगदग झेपली नाही. प्रत्यक्षात झेपलेली नसते ती तहान.

म्हणून हा विषय घरच्यांनीच काढावा, तोही सहजपणे. सकाळची लघवीची गोळी सफारीहून परतल्यावर घेता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुतेकांच्या बाबतीत वेळ बदलता येते. हृदयाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांनी मात्र स्वतःच्या मनाने असे करू नये. सफारीच्या वाटेवर प्रसाधनगृह कोठे आहे ते मार्गदर्शकाला फाटकावरच विचारावे आणि ते ज्येष्ठांच्या कानावर घालावे. नुसते कळले तरी निम्मी घालमेल कमी होते. प्रौढांचे डायपर वापरण्यात लाज कसली? आजकाल लांबच्या प्रवासात पुष्कळजण वापरतात, सांगत नाहीत इतकेच. पाणी घोट-घोट चालू ठेवावे.

दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबर-जानेवारीत सकाळची सफारी निघते तेव्हा पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली असतो आणि धावत्या उघड्या गाडीत वारा अंगाला कापत जातो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, कारण नऊनंतर ऊन तापते आणि एकेक थर उतरवता येतो. कानटोपी, मफलर, हातमोजे आणि मांडीवर घरची गोधडी. ज्यांना थोडे चालल्यावर छातीत दुखते किंवा धाप लागते, ज्यांना अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी सकाळऐवजी दुपारची फेरी निवडावी आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. जिभेखाली ठेवण्याची गोळी लिहून दिलेली असेल तर ती बॅगेत नको, खिशात हवी, आणि ती कोठे आहे हे शेजारी बसणाऱ्याला ठाऊक हवे.

इन्सुलिन घेणाऱ्यांची चूक ठरलेली असते. पहाटे पाचला उठायचे, इंजेक्शन घ्यायचे, "नाश्ता आत गेल्यावर करू" म्हणायचे आणि आत गेल्यावर नाश्ता विसरायचा, कारण समोर अस्वल असते. खाणे हातात आल्याशिवाय सुई टोचू नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर वाघ सोडून आधी साखर द्यावी. ताडोब्याच्या गाभाक्षेत्रात मोबाइल नेऊ देत नाहीत. ज्यांच्या औषधांच्या वेळा मोबाइलच्या घंटीवर चालतात, त्यांनी कागदावर मराठीत ठळक अक्षरांत लिहून घ्याव्यात. त्याच चिठ्ठीवर आजारांची नावे आणि चालू औषधेही असू द्यावीत.

आणि गचके. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण याची किंमत मी पाहिली आहे. अडुसष्ट वर्षांच्या एका बाई सफारीहून पाठदुखी घेऊन आल्या. घरी आठ दिवस मालिश आणि शेक चालला. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा पाठीचा एक मणका चेपलेला निघाला. पाळी गेल्यानंतर ठिसूळ झालेल्या हाडांना पडायची गरज नसते, आसनावरून उडून परत आदळणे पुरते. जिप्सीच्या मागच्या चाकांवरच्या रांगेत हे आदळणे सर्वांत जास्त. तेव्हा ज्येष्ठांना चालकाच्या लगतच्या रांगेत बसवावे, खाली जाड उशी द्यावी, कमरेला पट्टा असेल तर बांधावा आणि चालकाला निघतानाच सांगावे, "दादा, आई आहेत, हळू घ्या." वाघाची वर्दी आली की सगळ्या गाड्या सुसाट सुटतात. त्या क्षणी 'आमची गाडी मागे राहिली तरी चालेल' असे म्हणण्याची तयारी कुटुंबाची असेल तरच आईला न्यावे. ज्यांचा मणका आधीच एकदा चेपला आहे, त्यांना मी उघड्या जिप्सीची परवानगी देत नाही.

तसेच मे महिन्याला माझा स्पष्ट नकार असतो. शाळांना सुट्टी असते आणि पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, हे मला मान्य. पण नागपूर-चंद्रपूरचा पारा तेव्हा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हातारपणी तहान कमी लागते, घामही कमी येतो, म्हणजे शरीराची दोन्ही राखणदार माणसे झोपलेली असतात. नातवंडांनी खुशाल जावे, आजी-आजोबांनी फेब्रुवारीत जाऊन यावे.

ज्यांना जिप्सी झेपणारच नाही त्यांचे काय? गोरेवाड्याचे प्राणिउद्यान २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. तेथे बंद बसमधून वाघ, बिबट, अस्वल पाहता येतात आणि घर तर शहरातच असते. नवेगावबांधला तलावाच्या काठी खुर्ची टाकून हिवाळी पक्षी पाहता येतात. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून तेथे वर्षे घालवली. त्यांची पुस्तके घरात असतील तर जाण्यापूर्वी आजोबांना वाचून दाखवावीत. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला तर जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. तेथला काळोख इतका निखळ की शहरातून हरवलेल्या चांदण्या परत दिसतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या माझ्या एका रुग्णाने आकाशगंगा साठ वर्षांनी पाहिली. एक मात्र करावे. उभ्याने मान मागे टाकून तारे पाहू नयेत, चक्कर येऊन तोल जातो. आरामखुर्ची न्यावी, रेलून पाहावे.

चिखलदऱ्याची उंची सुमारे अकराशे मीटर, म्हणजे विरळ हवेची भीती बाळगावी इतकी नाही. भीमकुंड, गाविलगड, कॉफीचे मळे हे सारे गाडीतून किंवा चार पावले चालून पाहण्यासारखे आहे. त्रास होतो तो घाटात, आणि त्याहून अधिक घाटासाठी घेतलेल्या गोळीचा. मळमळ थांबवण्याच्या काही गोळ्या, विशेषतः प्रोमेथाझिन असलेल्या, वृद्धांमध्ये गुंगी आणि भ्रम आणतात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी त्यामुळे पूर्ण अडू शकते. रात्री हॉटेलात लघवी तुंबली तर खाली परतवाड्यापर्यंत तोच घाट पुन्हा उतरायचा. त्यापेक्षा पोट हलके ठेवावे, पुढच्या आसनावर बसावे, थांबत-थांबत जावे.

विस्मरणाचा आजार असलेल्यांना नव्या खोलीत रात्री घर कोणते हेच उमगत नाही. न्यायचेच असेल तर एक माणूस त्यांच्याच खोलीत झोपावा, स्नानगृहातला दिवा रात्रभर चालू राहावा, दाराला आतून वरची कडी असावी. दोन सफारी असतील तर सेवा करणाऱ्यांनी वाटून घ्याव्यात, एकाने जावे, एकाने थांबावे. दरवेळी थांबणारी सूनच असते, हे मी पाहात आलो आहे.

आता धबधब्यांविषयी थोडे, कारण पावसाळ्यात पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला किंवा चिखलदऱ्याला जाऊन आलेली कुटुंबे आज माझ्यासमोर तापाने बसलेली असतात. शेवाळलेल्या दगडावर ज्येष्ठांनी पाय ठेवू नये, हे सगळ्यांना कळते. गवताचे कळत नाही. ओल्या गवतात, झुडपांत एक अतिसूक्ष्म कीटक असतो. त्याच्या पिलाच्या चाव्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ साली विदर्भात त्याची मोठी साथ येऊन गेली. चावा दुखत नाही, ताप साधारण दहा दिवसांनी येतो, तोवर सहल विसरलेली असते. काख, जांघ, कमरपट्ट्याची जागा, स्तनांखाली विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का, हे घरच्यांनी पाहावे. संकोचामुळे नेमक्या याच जागा पाहायच्या राहून जातात. खपली नसली तरी हा ताप असू शकतो. म्हणून पाऊसकाळात आणि त्यानंतर दोन महिने कोणताही ताप आला की डॉक्टरांना आधी सांगावे, "आम्ही अमुक दिवशी रानात गेलो होतो." वेळेत ओळखला तर साध्या, स्वस्त गोळ्यांनी तो उतरतो. उशीर झाला तर फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे धरतो.

गेल्या आठवड्यात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ जाऊन आले. मुलाने मला 'नाही' म्हणायला सांगितले होते, मी चिठ्ठी लिहून दिली. दुपारच्या दोन फेऱ्या झाल्या. वाघ दिसला नाही. रानगवे दिसले, तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर दिसली, आणि तारूचे ठाणे ज्या बाजूला आहे तेथे त्यांनी गाडीतूनच हात जोडले. उशीबद्दल त्यांची तक्रार होती, सारखी घसरत होती म्हणे. पुढच्या वेळी घरून नाडी शिवून नेणार आहेत. रक्तदाब १३८/८४ भरला.