आधी भाकर, मग उपदेश

ईजबेल राणीच्या धमकीने खचलेल्या एलीया संदेष्ट्याने रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागितले. देवदूताने त्याला दटावले नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी पुढे ठेवले, झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. त्या बळावर तो ४० दिवस चालला. ‘तुझी श्रद्धाच कमी’ म्हणणाऱ्यांनी बायबलमधील १ राजे, अध्याय १९ जरूर वाचावा.

मन खचले की आपणही आधी हेच जपावे: वेळेवर झोप, चार घास, सकाळची फेरी, सांजघंटेला घरच्यांसोबत प्रार्थना. एवढ्यानेही मन सावरत नसेल, तर डॉक्टरकडे जावे. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर विनामूल्य आहे. आणि शेजारी कुणी गप्प झाला असेल, तर वचन ऐकवण्याआधी विचारा, ‘जेवलास का रे?’