बर्फ पाहावा, पण कोणत्या टप्प्यापर्यंत?

डिसेंबर उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. यंदा तो विचारला अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांनी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसविलेला, सोबत मधुमेह. मुलाने गुलमर्गची तिकिटे काढली होती आणि रोपवेच्या दोन्ही टप्प्यांचे आरक्षणही करून टाकले होते. "माले एकदाव बरफ देखणं शे," एवढेच ते म्हणाले. मुलगा मात्र माझ्याकडे परवानगी नव्हे, शिक्का मागत होता.

वाचकहो, अशा वेळी 'नाही' म्हणणे डॉक्टरला सर्वांत सोपे असते, आणि ते बहुधा अन्यायाचे असते. म्हणून आधी थोडा हिशेब करू. आपले धुळे समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंचीवर आहे. गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे ७२ टक्के उरतो, आणि प्रत्येक श्वासातील प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. रोपवेचा पहिला टप्पा कोंगडूरीला, म्हणजे साधारण ३,१०० मीटरपर्यंत नेतो. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या पलीकडे जातो, आणि तेथे प्राणवायू ६० टक्क्यांच्या जरासा वर असतो. पाळण्यात बसून काही मिनिटांत ही चढण संपते. शरीराला मात्र तिच्याशी जुळवून घ्यायला दिवस लागतात.

म्हणून मी त्या गृहस्थांना पहिला टप्पा दिला आणि दुसरा काढून घेतला. मुलगा नाराज झाला; आगाऊ पैसे गेले, हे खरे. परंतु जो मनुष्य घरचे दोन जिने न थांबता चढू शकतो, ज्याच्या छातीत दुखत नाही, ज्याचे हिमोग्लोबिन ठीक आहे, त्याच्यासाठी कोंगडूरीचा अर्धा तास बहुधा निर्धोक असतो. दुसऱ्या टप्प्याविषयी, हृदयरोग वा जुना दमा असलेल्या माणसाच्या बाबतीत, मी तडजोड करीत नाही. श्रीनगर सुमारे १,५८५ मीटरवर आहे. तेथे दोन रात्री काढून मगच वर जावे, आणि पहिल्या दिवशी गुलमर्गला पोहोचताच धावपळ करू नये. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही उंचीची सूचना असते. ती मिळाल्यावर वर चढायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले तर रात्र तेथे न काढता लगेच खाली, टंगमर्गकडे उतरावे आणि रुग्णालय गाठावे. उंचीसाठी मिळणारी गोळी शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र तेथे नव्वदीच्या आसपास आकडा दाखविते. तेवढ्यावरून घाबरू नये; माणसाकडे पाहावे.

उंचीपेक्षाही मला अधिक भय वाटते ते बंद खोलीचे. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर, हा नियम. काश्मिरी कांगडीही जपून वापरावी. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्या माणसाला चटका बसलेला सकाळी फोड पाहून कळतो. इन्सुलिन गोठले की निकामी होते, म्हणून ते सामानात न ठेवता स्वेटरच्या आतील खिशात, अंगाच्या उबेजवळ ठेवावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पहाटे उठून बर्फात फिरण्याची हौस अकरा वाजेपर्यंत पुढे ढकलावी. जिभेखाली ठेवण्याची गोळी हातातील पिशवीत नव्हे, अंगावरच्या खिशात असावी. डोळ्यांवर काळा चष्मा हवा. काठीचे रबरी टोक बर्फावर घसरते, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे साऱ्या घराचे वर्ष बदलणे होय. अशा वेळी स्लेजवाल्याला पैसे देण्यात कमीपणा कसला?

आता माझे खरे मत. बर्फाचाच हट्ट नसेल तर वृद्धांनी जानेवारीत नव्हे, मे-जूनमध्ये गुलमर्गला जावे. कुरण फुलांनी भरलेले असते, गोल्फच्या मैदानाकडेने संथ चालता येते, आणि रोपवेतून वर उरलेला बर्फही दिसण्याची शक्यता असते. तेव्हा आपल्या खानदेशात पारा ४५ अंशांकडे धावत असतो. स्कीइंग तरुणांनी करावे. पाहण्याला वय नाही.

आणि ज्यांना विमान, खर्च, उंची यांपैकी काहीच झेपणारे नाही, त्यांच्यासाठी आपले तोरणमाळ आहे. १९९८ पर्यंत ते आपल्याच धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारमध्ये आहे. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, प्राणवायू सुमारे ८७ टक्के. स्थिर प्रकृतीच्या हृदयरोग्यालाही तो बहुधा जाणवत नाही. उन्हाळ्यात यशवंत तलावाच्या काठी संध्याकाळी बसावे. पावसाळ्यात सीताखाईचे रूप वेगळेच, पण कडेला शेवाळ असते. आजी-आजोबांनी ती खाई हात धरूनच पाहावी. हिवाळ्यात पहाटेचा गारठा बोचरा असतो, दम्याच्या रुग्णांनी पंप आणि कानटोपी विसरू नये. महाशिवरात्रीला गोरखनाथांच्या यात्रेची गर्दी असते. ज्यांना उभे राहणे कठीण, त्यांनी आठ दिवस मागे-पुढे जावे.

एक सूचना सोबत्यांसाठी. शहाद्याच्या पुढे घाट वळणावळणाचा आहे. लघवीची गोळी घेणारे अनेक वृद्ध प्रवासाच्या दिवशी ती गुपचूप टाळतात, कारण गाडी थांबवायला सांगण्याचा संकोच वाटतो. मग रात्री धाप लागते, आणि मोठे रुग्णालय घाटाखाली दूर राहिलेले असते. गोळीची वेळ बदलता येते, ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. त्यांनी न सांगताच गाडी दर तासाला थांबवा, आणि कारण म्हणून चहा सांगा.

ते गृहस्थ परत आले. कोंगडूरीला बाकावर बसून त्यांनी कहवा घेतला, मुलगा एकटाच वर जाऊन आला. वजन दीड किलो वाढले होते, रक्तदाब ठीक होता. बर्फ कसा होता, असे विचारले तर म्हणाले, मिठासारखा.