उलटीच्या गोळीआधी लाइफ जॅकेटचं माप विचारा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की ओपीडीत एक ठरलेला प्रश्न येतो. "डॉक्टरसाहेब, पोरीला गाडी लागते. आता तर बोटीत बसायचं आहे. उलटीची गोळी लिहून द्या." मागच्या वर्षी असेच एक वडील आले होते. मुलगी आठ वर्षांची, बेत मालवणचा. आधी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, मग तारकर्लीच्या खाडीत कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी. गोळी मी लिहून दिली. पण त्यांना थोडा वेळ बसवूनही ठेवलं.

बेत मला आवडला, हे आधी सांगतो. "लेकरू घेऊन पाण्यात कशाला जाता?" असं म्हणून विषय संपवणारे डॉक्टर मला पटत नाहीत. आपल्या शहरात रस्त्यावर मुलाचा हात सोडायची सोय उरलेली नाही. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याचं बांधकाम सुरू केलं. तिथे आजही होडीनंच जावं लागतं. काही कुटुंबं आत राहतात, पण मोटार नाही, हॉर्न नाही. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी शोधत मूल तासभर आपल्या पायांनी हिंडतं. मोबाइल सोडवण्यासाठी माझ्याकडे यापेक्षा चांगलं औषध नाही.

पण बेटावर गाडी नाही, म्हणजे ॲम्ब्युलन्सही नाही. १०८ ची गाडी किनाऱ्यापर्यंत येते, त्यापुढचं अंतर होडीनं. म्हणून परतीची शेवटची होडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून घ्या. दमा किंवा फिट्सचा त्रास असलेल्या मुलाचं औषध हॉटेलवर न ठेवता खिशात ठेवा. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे आणि जिल्हा रुग्णालय ओरोसला, एवढं माहीत असू द्या. भंडारा रोडवरून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, एवढा प्रवास करून मूल थकलेलं असतं. पोचल्या दिवशीच पाण्यात उतरू नका.

आपण तलावांच्या जिल्ह्यातली माणसं. पाणी आपल्याला नवं नाही असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते. वैनगंगेला भरती-ओहोटी नाही, आपण ती शाळेच्या पुस्तकात वाचलेली. देवबागजवळ कर्ली नदीची खाडी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे ओढ घेतं, आणि वल्हं मारणारी नवखी माणसं जाताना आपण किती तरबेज म्हणून खूष असतात. परतताना हात भरून येतात. त्यामुळे वेळ तुमच्या नाश्त्यावरून ठरवू नका, तिथल्या होडीवाल्याला विचारून ठरवा. वारा कमी असतो ती सकाळची वेळ बरी. मुलासोबत दोघांची कयाक घ्या, मूल पुढे, मोठं माणूस मागे. आणि मुलाला होडीला कधीही बांधू नका. "पडू नये म्हणून" ओढणीनं बांधणारे पालक मी पाहिले आहेत. होडी उलटली तर तीच ओढणी त्याला पाण्याखाली धरून ठेवेल.

आता जॅकेटबद्दल. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटली आणि नात्यागोत्यातली ११ माणसं गेली. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. तिन्ही पाणी वेगळी. पण पाण्यात पडलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं तरंगत ठेवणारी वस्तू एकच आहे.

मुलाचं जॅकेट वयावर नाही, वजनावर ठरतं. घालून पट्टे आवळा, मग खांद्यांजवळ धरून वर ओढा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर मोठं आहे. पाण्यात मूल त्यातून खाली निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. दंडाला लावायचे फुगे आणि हवेची ट्यूब ही खेळणी आहेत. "त्याला पोहता येतं" हे जॅकेट न घालण्याचं कारण नाही. (मी वैनगंगेच्या काठी वाढलो आणि चाळिशीनंतर तरणतलावात पोहायला शिकलो. मुलांना शिकवा, पण जॅकेटही घाला.) मापाचं जॅकेट नसेल तर त्या दिवशी कयाक नाही. पैसे भरलेले असले तरी नाही, मूल रडलं तरी नाही.

आणि ती गोळी? मालवणच्या जेट्टीवरून किल्ला थोड्याच मिनिटांच्या अंतरावर आहे, खरी गरज घाटाच्या रस्त्याला असते. उलटीच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते. गुंगीत असलेलं मूल कयाकमध्ये बसवणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून कयाकच्या दिवशी गोळी नको. हलकं खाणं, नजर लांब क्षितिजावर, हातात मोबाइल नाही, एवढं बहुधा पुरतं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन द्यायचंच नाही.

पाण्यात बुडणारं मूल सिनेमासारखं ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा. तोंड पाण्याच्या पातळीला आलं की श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते, हाक मारायला उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांत पाच वर्षांखालची बालकं जवळजवळ पाव हिस्सा होती. काठावर एका मोठ्या माणसानं फक्त मुलाकडे बघायचं, फोटो दुसऱ्यानं काढायचे.

आपल्याकडे बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. कृपा करून हे करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी-अन्न श्वासनलिकेत जातं. मूल हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कठीण जागेवर पाठीवर झोपवा, मान किंचित मागे करा, नाक बंद करून तोंडानं सुरुवातीला दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्या कुणाला १०८ लावायला सांगा. बुडणाऱ्याचा आधी श्वास अडकतो, त्यामुळे इथे नुसती छाती दाबून भागत नाही. मूल शुद्धीवर आलं तरी काही तास दवाखान्यात देखरेखीखाली ठेवा, खोकला थांबत नसेल तर नक्कीच.

त्या वडिलांनी माझ्यासमोरच कयाकवाल्याला फोन लावला. "लहान मुलांचं जॅकेट आहे का?" पलीकडून उत्तर आलं, "बसेल हो, पट्टा आवळून देऊ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन ठेवला. चार दिवसांनी ते गोळीचा डोस विचारायला पुन्हा आले, तेव्हा सांगत होते की दुसरा एक जण सापडला. त्यानं पैशांचं बोलण्याआधी मुलीचं वजन विचारलं होतं.