सुईत नेमकं काय आहे?

दवाखान्याची पायरी : साप्ताहिक स्तंभ, वसमत

हळदीचा पैसा हातात आला की आमच्याकडे आईच्या गुडघ्यांचा विषय निघतो. वर्षभर 'बघू, बघू' म्हणत ढकललेला असतो. पूर्वी तो एकाच प्रश्नावर येऊन थांबायचा : वाटी बदलायची का? आता मोबाइलवर तिसराच पर्याय झळकतो. चिरफाड नाही, टाके नाहीत, एका इंजेक्शनात झिजलेली गादी पुन्हा उगवणार. नाव स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. पोरं येऊन विचारतात, घ्यावं का? मी उलट विचारतो, सुईत काय आहे ते त्यांनी सांगितलं का? याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं.

कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी खपतात. कुठे रुग्णाचंच रक्त काढून, फिरवून, त्यातल्या प्लेटलेट गुडघ्यात सोडतात. ते पीआरपी. त्यात मूळपेशींचा संबंध नाही. कुठे कमरेच्या हाडातून मज्जा किंवा पोटावरची चरबी काढतात आणि थोडी प्रक्रिया करून त्याच दिवशी टोचतात. मज्जेत मूळपेशी असतात खऱ्या, पण हजारो पेशींत एखादी. आणि एक खरोखरचं, सरकारी मंजुरीचं औषधही आहे. त्याबद्दल मात्र गावात कुणी बोलत नाही.

ते बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीनं बनवलं. निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि अतिथंड अवस्थेत गोठवून ठेवायच्या. गुडघ्याच्या झिजेसाठी त्याला देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये परवानगी दिली आणि मुंबईच्या अल्केम कंपनीनं ते 'स्टेमवन' नावानं बाजारात आणलं. परवानगीआधीची मोठी चाचणी १४६ रुग्णांवर झाली. काहींना औषध, काहींना पेशींविना द्रावण, आणि कुणाला काय दिलं हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. वर्षभरानंतर औषधवाल्यांचं दुखणं आणि आखडलेपण दुसऱ्या गटापेक्षा कमी होतं. हे काम प्रामाणिक आहे आणि आपल्या देशात झालं याचं मला कौतुकही वाटतं.

पण गादी, म्हणजे सांध्यातली कूर्चा, उगवली का? तसं म्हणता येत नाही. मूळपेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा होतात ही जाहिरातीतली गोष्ट. १९९१ मध्ये या जातीच्या पेशींना नाव देणारे अमेरिकी शास्त्रज्ञ आर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं, की हे नाव आता बदला. या पेशी स्वतः नवं ऊतक होत नाहीत, त्या रसायनं सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींना कामाला लावतात. म्हणजे सूज शमेल, दुखणं उतरेल. कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिची झीज भरून येणं मुळातच अवघड.

अमेरिकेतली एक चाचणी तर विकणाऱ्यांना अडचणीची आहे. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये ती छापून आली. पावणेपाचशे रुग्ण, मज्जेच्या, चरबीच्या आणि नाळेच्या पेशी, आणि समोर साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षाअखेर तिन्हींपैकी एकही पेशी-उपचार स्टेरॉइडच्या पुढे गेला नाही. हे स्टेरॉइड आपल्याकडे कोणत्याही हाडांच्या डॉक्टरकडे मिळतं. ते वारंवार घेणं बरं नव्हे, हेही खरं. पण तुलना कशाशी झाली ते लक्षात घ्या.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. भारतातली ती चाचणी झाली दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्रेडच्या गुडघ्यांवर. म्हणजे दोन हाडांमधली फट अजून शिल्लक आहे, पाय वाकडा झालेला नाही, अशांवर. वसमतच्या शिवारातली बाई डॉक्टरकडे केव्हा जाते? काढणीला उकिडवं बसून, गड्डे मोडून, ओल्या हळदीची टोपली उचलून तिची पंचवीस-तीस वर्षं गेलेली असतात. पाय धनुष्यासारखे झालेत, जिना बंद झालाय, संडासात बसता येत नाही, तेव्हा तिला नांदेडला नेतात. 'गुडगे लई दुखायलेत' हे ती दहा वर्षं म्हणत असते. घरचे मलम आणून देतात. तो गुडघा चौथ्या ग्रेडचा. हाडावर हाड घासतंय तिथे पेशींचं इंजेक्शन म्हणजे पडक्या वाड्याला चुना. तिला वाटीच बदलायला हवी. पण ऑपरेशनच्या भीतीनं इंजेक्शनाकडे सगळ्यात आधी धावतं ते नेमकं हेच घर.

वाटीची भीती आता तितकी खरी राहिलेली नाही. अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावतांनी शस्त्रक्रिया केली, तेव्हा देशभर या ऑपरेशनची चर्चा झाली. पुढच्या वर्षी उजवाही झाला. पंतप्रधानांचं ठीक, आम्हाला कुठलं परवडणार, असं तेव्हा वाटायचं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापराचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १ लाख ५८ हजारांच्या आसपास होता, तो ५४,७२० रुपयांवर आणला, कर वेगळा. आयुष्मान भारत योजनेतही सांधेबदल आहे. कोणत्या रुग्णालयात होतो, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं लागतं.

हळदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२४ मध्ये आपल्या वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 'आपलीच हळद खा, गुडघे बरे' सांगणारेही वाढले. कुरक्युमिनच्या गोळ्यांनी दुखणं थोडं कमी होतं, असं लहान चाचण्यांत दिसलंय. पण वरणातली चिमूट म्हणजे तो डोस नव्हे.

पैसा लावायचाच तर आधी लावायला हवा. चाळिशीतल्या बाईचा गुडघा कुरकुरू लागला की तिला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारा माणूस तालुक्यातच हवा. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी घटतो, असं मोजून ठेवलेलं आहे. घरात खुर्चीचा संडास हवा. हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आनंद आहे. पण गावच्या उपकेंद्रात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसला तर नांदेडच्या किती फेऱ्या वाचतील! हळदीच्या गावांना हे मागण्याचा पुरेपूर हक्क आहे. आपले पुढारी हळदीच्या भावावर बोलतात, हळद काढणारीच्या गुडघ्यावर बोलताना मी अजून एकालाही ऐकलेलं नाही.

तरीही इंजेक्शन घ्यायचंच ठरलं असेल, तर आधी उभं राहून एक्स-रे काढा. झोपवून काढलेल्यात फट खरी दिसत नाही. ग्रेड लिहून मागा. सुईत जे असेल त्याचं नाव आणि बॅच क्रमांक बिलावर हवा. 'हे नवं संशोधन आहे' असं कुणी म्हणालं, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, हेही त्याला तिथेच सांगा.